विज्ञानावर बोलायला उभं राहण्याआधी

फेब्रुवारी उजाडला की जुन्नर-आंबेगावच्या शाळा-कॉलेजांत विज्ञान दिनाची लगबग सुरू होते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या विखुरण्याविषयीचा आपला शोध जाहीर केला, आणि १९८७पासून हा दिवस देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. निमगाव सावाच्या आपल्या पट्ट्यात त्याला जरा जास्तच महत्त्व आहे. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, त्या सुमारास सर्वांना पाहायला खुली होते, हजारो लोक येतात आणि विद्यार्थी तिथे आपापले प्रकल्प मांडतात. प्रकल्पाच्या टेबलापाशी उभं राहून सांगायचं असो, की सभागृहात माइकसमोर, बोलायची वेळ कुणावर तरी येतेच. आजवर असं कधीच न बोललेल्यांसाठी ही तयारी पहिल्यापासून क्रमानं पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. नुसती माहिती आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर आहे. सूर्य किती लांब आहे, हे सांगण्यासाठी माणसांना सतरंजीवर बसवून ठेवायची गरज उरलेली नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाकडून ऐकण्यासारखं काही असेल, तर ते म्हणजे ही गोष्ट कळली कशी. ‘हे कशावरून?’ असं शास्त्रज्ञ एकमेकांना विचारतात, आणि पारावर बसलेले आजोबाही नेमकं तेच विचारतात. आपलं व्याख्यान या प्रश्नाला उत्तर देणारं असलं पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

पहिली पायरी आयोजकांना फोन करण्याची. ऐकायला कोण येणार आणि किती मिनिटं मिळणार, एवढंच विचारा. आठवीची मुलं, बीएस्सीचे विद्यार्थी, शिक्षक आणि गावातली चार वडीलधारी मंडळी असे सगळे एकत्र असतील, तर बोलणं कोणासाठी बेतायचं? माझं मत असं, की दहावीपर्यंत शिकून शेती करणारा, पण चौकस असा माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. त्याला कळेल असं बोललं तर मुलांना कळतं, आणि प्राध्यापकांना सोप्या बोलण्याचा कधी कंटाळा येत नाही. प्राध्यापकांसाठी बेतलेलं बोलणं मात्र बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून जातं.

मग विषय ठरवा, आणि तो ठरवताना त्याचा प्रश्न करा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. ‘रेडिओ खगोलशास्त्र’ असा विषय घेतला, की विश्वाच्या जन्मापासून उपग्रहांपर्यंत सगळं थोडं थोडं सांगावं लागतं आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी खोडदच्या रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही पडणारा प्रश्न घ्या: एवढी मोठी तबकडी, मग ती भरीव पत्र्याची का नाही, जाळीची का? मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये मुलांसाठी दिलेली सहा व्याख्यानं एका मेणबत्तीभोवती गुंफलेली होती. तेवढ्या छोट्या वस्तूतून त्यांनी हवा, पाणी, ज्वलन आणि श्वास असा सगळा प्रवास घडवला. छोटा प्रश्न घेतल्यानं व्याख्यान छोटं होत नाही.

आता त्या प्रश्नाचं उत्तर एकाच वाक्यात कागदावर लिहा. आपल्या उदाहरणात ते असं होईल: ‘जाळीची भोकं रेडिओ लहरींच्या मानानं इतकी लहान आहेत, की त्या लहरींच्या दृष्टीनं ती जाळी भरीवच आहे.’ असं वाक्य लिहिता येत नसेल, तर आपल्यालाच विषय अजून पुरता कळलेला नाही असं समजा आणि पुन्हा वाचायला बसा. वाक्य जमलं, की व्याख्यानात काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे तेच सांगतं. दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप यांचं चरित्र कितीही मोहवणारं असलं, तरी दहा मिनिटांच्या व्याख्यानात त्याला दोन वाक्यंच मिळतील.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, तेव्हा इथे थोडं रेंगाळू. लिहिलेल्या वाक्यासमोर ‘कशावरून?’ असं लिहा आणि श्रोत्यांना स्वतः पडताळता येईल असा पुरावा शोधा.

आधी तरंगलांबी हा शब्द उलगडावा लागेल. लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी. अवकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या प्रसिद्ध रेडिओ लहरीची तरंगलांबी २१ सेंटिमीटर, म्हणजे २१० मिलिमीटर असते. खोडदच्या तबकडीवरच्या जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची आहेत. म्हणजे भोक लहरीच्या दहाव्या हिश्शाएवढं किंवा त्याहून लहान. लहर त्यातून जवळजवळ निसटतच नाही, परावर्तित होते, म्हणजे उलट फिरून वर बसवलेल्या, लहरी टिपणाऱ्या ग्राहकाकडे जाते. दुर्बीण इतर ज्या लहरी टिपते त्यातल्या बहुतेक याहून लांब आहेत, तेव्हा त्यांची तर चिंताच नाही. प्रकाशाची तरंगलांबी मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. म्हणूनच त्याच जाळीतून आपल्याला पलीकडचं आभाळ स्वच्छ दिसतं.

पुरावा हवा असेल तर स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात डोकावा. तिथे बारीक भोकांचा धातूचा पत्रा असतो. आतला दिवा आणि ताटली दिसते, कारण प्रकाश बाहेर येतो. अन्न तापवणारी लहर सुमारे १२ सेंटिमीटरची असते, ती मात्र आतच राहते. तत्त्व तेच, फक्त आत-बाहेर उलट. श्रोता घरी जाऊन हे स्वतः बघू शकतो, हा या पुराव्याचा मोठा गुण.

आणि जाळी वापरण्यात फायदा काय, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे आणि अशा ३० तबकड्या आहेत. १४ तबकड्या खोडदजवळ एकत्र, आणि बाकीच्या १६ तीन दिशांना फाकलेल्या रांगांत, टोकाच्या दोन तबकड्यांमधलं अंतर साधारण २५ किलोमीटर. एवढ्या मोठ्या भरीव पत्र्यावर वाऱ्याचा दाब प्रचंड येईल, तो पेलायला जड सांगाडा लागेल आणि खर्च आवाक्याबाहेर जाईल. ताणलेल्या तारांवर बारीक पोलादी जाळी बसवली की वारा आरपार जातो, वजन घटतं आणि पैसे वाचतात. देशातल्या देशात, मर्यादित खर्चात एवढी दुर्बीण उभी राहिली त्यामागे ही युक्ती आहे.

उपमा द्यायचा मोह इथे होतो. चाळणीतून रवा पडतो, बटाटा पडत नाही, असं सांगितलं की सभागृहात लगेच माना डोलतात. उपमा जरूर द्या, पण ती कुठे तुटते हेही लगेच सांगा. लहर म्हणजे काही गोळा नव्हे. ती भोकात अडकत नाही, जाळीच्या तारांमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण करते आणि त्यातून उलट फिरते. हे एक वाक्य गाळलं, तर एखादी हुशार मुलगी घरी जाऊन बटाट्याचाच विचार करत बसेल, आणि चूक तिची नसेल.

शब्दांचं म्हणाल, तर दहा मिनिटांत तीनपेक्षा जास्त नवे शब्द वापरू नयेत असं मला वाटतं. प्रत्येक शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा साध्या मराठीत उलगडून सांगा आणि मग शेवटपर्यंत तोच वापरा. एकदा ‘तरंगलांबी’, एकदा ‘वेव्हलेंग्थ’ असं केलं, की ऐकणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. लोकांच्या तोंडी रुळलेला इंग्रजी शब्द असेल, जसा सिग्नल किंवा अँटेना, तर तोच ठेवा.

आकडे आणि आलेख यांत बरेच जण घसरतात. त्यासाठी आपल्याच तालुक्यातलं दुसरं उदाहरण घेऊ. जुन्नर भागात बिबट्यांना पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याची मोठी मोहीम झाली होती. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आधीच्या व नंतरच्या काळाचा अभ्यास करून २०११ साली तो प्रसिद्ध केला. मोहिमेआधी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ या काळात, ही सरासरी १७वर गेली. बिबटे हलवल्यानं प्रश्न सुटण्याऐवजी चिघळला, असा त्यांचा निष्कर्ष.

हे पडद्यावर दाखवायचं असेल, तर दोन खांब पुरेत: एक ४चा, एक १७चा. खांब दाखवण्याआधी सांगा, की आडव्या रेषेवर काळ आहे आणि उभ्या रेषेवर वर्षाला झालेले हल्ले. मग खांब दाखवा आणि तीन-चार सेकंद काही बोलू नका. पाहणाऱ्याला आलेख वाचायला तेवढा वेळ लागतोच. आपण त्यावर बोलत राहिलो तर तो ना धड वाचतो ना ऐकतो. शोधनिबंधातला बारा रकान्यांचा तक्ता जसाच्या तसा पडद्यावर चिकटवणं आणि ‘हे फारसं दिसत नाहीये, पण...’ असं म्हणणं कटाक्षानं टाळा. दिसत नसेल तर दाखवू नये.

या विषयावर आपल्याकडे बोलताना आणखी एक भान हवं. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरातलं माणूस बिबट्याच्या हल्ल्यात गेलेलं असू शकतं, कोणाची शेळी-वासरं गेलेली असतात. त्यांच्यासाठी ४ आणि १७ हे नुसते खांब नाहीत. आधी त्यांच्या भीतीची आणि दुःखाची दखल घ्या, मग आकडे मांडा. असं केल्यानं विज्ञान पातळ होत नाही, उलट लोक ऐकायला तयार होतात.

ज्या गोष्टी अजून पक्क्या नाहीत, त्या कशा सांगाव्यात? कुकडीच्या काठी बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, तिथेच अश्मयुगीन दगडी हत्यारंही मिळाली. राखेचं वय सुरुवातीला एका पद्धतीनं सुमारे १४ लाख वर्षं निघालं. पुढे राखेतल्या काचकणांची रासायनिक घडण तपासून काही संशोधकांनी ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीच्या, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचं मांडलं. यावर अभ्यासकांत बरीच वर्षं वाद झाला. व्याख्यानात यातला एकच आकडा ठासून सांगणं सोपं असतं आणि टाळ्याही त्यालाच मिळतात. पण दोन्ही वयं कशावरून काढली आणि ती जुळत का नाहीत, हे सांगितलं, तर आपल्याच गावच्या नदीकाठी विज्ञान कसं चालतं हे लोकांना प्रत्यक्ष दिसतं. ‘शास्त्रज्ञांनाच माहीत नाही’ असा सूर मात्र लावू नका. काय पक्कं आहे आणि काय तपासलं जातंय, यांतली रेघ स्पष्ट ओढा.

आता पडद्यावरची पानं, म्हणजे स्लाइड. दहा मिनिटांना सहा-सात पुष्कळ झाली. प्रत्येक पानावर एक चित्र आणि त्याखाली एक वाक्य. परिच्छेद लिहू नयेत, कारण मग आपणही ते वाचत सुटतो आणि श्रोत्यांकडे पाठ होते. लॅपटॉप टेबलावर ठेवून आठ-दहा पावलं मागे जा. तिथून वाचता येत नाही ती अक्षरं मोठी करा. पिवळी अक्षरं पांढऱ्यावर दिसत नाहीत. लाल-हिरव्यातला फरक काही जणांना कळत नाही, म्हणून आलेखात निळा आणि नारिंगी वापरा.

मराठीत काम करणाऱ्यांची खास अडचण फॉन्टची. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेलं मराठी दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं, की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा काला उमटतो. ऐन वेळी यावर इलाज नसतो. युनिकोडमध्येच टंका, शिवाय पीडीएफ करून पेनड्राइव्हवर ठेवा आणि तीच फाइल स्वतःच्या ई-मेलवरही पाठवून ठेवा.

प्रयोग दाखवणार असाल तर फारच छान, पण तो घरी जसाच्या तसा करून पाहिलेला असावा. जाळी आणि लहर दाखवायला चालू एफएम ट्रान्झिस्टर धातूच्या बारीक जाळीत सगळ्या बाजूंनी गुंडाळता येतो. खरखर वाढते किंवा आवाज बंदच पडतो. जाळीला कुठे फट राहिली, तर गाणं आरामात चालू राहतं आणि वक्त्याची तारांबळ उडते. म्हणून जाळीच्या कडा दुमडून दाबायच्या, आणि तोच ट्रान्झिस्टर, तीच जाळी त्याच सभागृहात आधी वापरून पाहायची. स्टेशनचा सिग्नल तिथे किती जोरकस आहे, यावरही निकाल बदलतो. खुद्द दुर्बिणीच्या आवारात मात्र असला प्रयोग करू नये. तिथे आपले मोबाइलसुद्धा बंद करायला सांगतात, कारण आकाशातून येणारे सिग्नल अतिशय क्षीण असतात आणि जवळच्या उपकरणांचा गोंगाट त्यांना झाकून टाकतो.

मग तालीम. मनात वाचणं म्हणजे तालीम नव्हे. उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून बोला. सावकाश मराठी बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, तेव्हा दहा मिनिटांचं लेखी भाषण हजार शब्दांच्या पुढे गेलं की समजा, पळापळ होणार. पाठ करायची ती फक्त पहिली तीन आणि शेवटची दोन वाक्यं. मधलं मुद्द्यांवरून बोला, कारण घोकलेलं भाषण एका शब्दाला अडलं की पुढचं सगळंच विसरतं. घरातल्या कोणाला, शक्यतो विज्ञान न शिकलेल्याला, समोर बसवा आणि झाल्यावर ‘छान झालं का?’ असं विचारू नका. ‘मी काय सांगितलं?’ असं विचारा. आपण कागदावर लिहिलेलं ते एक वाक्य त्यांच्या तोंडून आलं, तर तयारी झाली.

गावातल्या कार्यक्रमांची एक रीत आहे, ती गृहीत धरूनच चला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांची मनोगतं यांत वेळ जातो, आणि ‘जरा पाच मिनिटांतच आवरा’ अशी चिठ्ठी हाती येते. अशा वेळी बहुतेक जण दहा मिनिटांचं भाषण दुप्पट वेगानं म्हणू लागतात. ते कोणालाही कळत नाही. त्यापेक्षा घरूनच पाच मिनिटांची आवृत्ती तयार करून न्या. आपल्या उदाहरणात ती अशी: प्रश्न, ते एक वाक्य, मायक्रोवेव्हचं दार. तीस तबकड्यांची रचना आणि ट्रान्झिस्टर गाळायचा. ‘कशावरून’ला उत्तर देणारा भाग मात्र काही झालं तरी कापायचा नाही.

त्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचा. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडून पाहा. खिडक्यांतून येणारं ऊन पडद्यावर पडत असेल तर पडदे किंवा सतरंज्या लावायला सांगा. वीज जाण्याची शक्यता आपल्याकडे नेहमीच असते, म्हणून मुख्य चित्र एका मोठ्या कार्डशीटवर काढून सोबत ठेवा, आणि फळा असेल तर खडू मागून घ्या. माइक हनुवटीपासून वीतभर अंतरावर धरून शेवटच्या रांगेतल्या कोणाला तरी ऐकू येतं का ते विचारा.

बोलायला उभे राहिलात, की नामावळीत वेळ घालवू नका. ‘व्यासपीठावरील मान्यवर आणि मित्रहो’ एवढं पुरे, आणि लगेच प्रश्न: ‘खोडदची तबकडी आपल्यापैकी कोणी जवळून पाहिलीय?’ हात वर होतात, माणसं सावरून बसतात. ‘माझा फारसा अभ्यास नाही’ ही सुरुवात नम्र वाटली, तरी ऐकणाऱ्याचा विश्वास तिनंच जातो. पडद्यावरचं दाखवताना एकदा बोट दाखवा, मग पुन्हा श्रोत्यांकडे वळा. महत्त्वाचं वाक्य झालं की थांबा. आपल्याला ती शांतता लांबलचक वाटते, ऐकणाऱ्याला तेवढ्यात विचार करता येतो. आवाज कापत असेल तर एक घोट पाणी प्या; त्यात काहीच कमीपणा नाही.

शेवटी प्रश्नोत्तरं. कोणी विचारलेला प्रश्न आधी माइकवर पुन्हा सांगा, कारण मागच्यांना तो ऐकू आलेला नसतो, आणि तेवढ्यात आपल्यालाही उत्तर जुळवता येतं. बिबट्यांच्या व्याख्यानात हमखास येणारा प्रश्न असा: ‘ऊस वाढला, तसे बिबटेही वाढले असतील, मग हल्ले त्यामुळे वाढले नसतील कशावरून?’ हा विरोध समजू नका. आपण दिवसभर ज्याची वाट पाहत होतो तोच हा प्रश्न. ऊस काही वर्षांत हळूहळू वाढतो, हल्ल्यांचा आकडा मात्र मोहिमेनंतर एकदम चढला, असं उत्तर देता येतं. आणि ही शंका पूर्ण फेडायला एकटी सरासरी पुरत नाही, हेही सांगावं. असे चार-पाच प्रश्न घरी बसून स्वतःच लिहून काढा. कोणी प्रश्नाच्या नावाखाली भाषणच सुरू केलं, तर त्यातला एक मुद्दा पकडून उत्तर द्या आणि ‘बाकीचं आपण नंतर चहावर बोलू’ म्हणून पुढच्या हाताकडे वळा.

उत्तर ठाऊक नसेल तर तसं साफ सांगा. अंदाजानं ठोकून दिलेलं एक उत्तर आधीच्या दहा मिनिटांवर पाणी ओततं. जयंत नारळीकरांकडे मुलं सह्या मागायला येत, तेव्हा ते सही देण्याऐवजी सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा; उत्तर येई, आणि त्याखाली सही. ती पद्धत आपल्यालाही सहज उचलता येईल. अडलेला प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह वहीत लिहून घ्या, तो शाळेतला असेल तर त्याच्या शिक्षकांचा नंबर घ्या, आणि आठवडाभरात शोधून उत्तर कळवा. खोडदचं खुलं प्रदर्शन जवळ असेल तर तो प्रश्न तिथल्या संशोधकांनाच नेऊन विचारा. त्या दिवशी ते तिथे लोकांशी बोलायलाच उभे असतात.